आधी धूळ, मग रंग

आबांच्या वेरूळ सहलीचे फोटो लाल पडलेत म्हणतोस, घाबरू नको, स्कॅन करून संगणकावर रंग सुधारता येतात. त्या काळच्या बऱ्याच रंगीत प्रिंटांतला सायन (हिरवट निळा) रंग आधी उडतो, म्हणून सगळं लालसर दिसतं.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नकोस. पैठणचा एक मी ओढला आणि घाटाचा कोपरा पानालाच राहिला. मागून दात साफ करायचा दोरा हळू सरकव. स्कॅनरची काच पूस, फोटोवर हवेचा ब्लोअर मारून धूळ उडव. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या धुळीचं तर विचारूच नको. प्रिंट ६०० डीपीआयवर (दर इंचाला इतके ठिपके) स्कॅन कर, टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये. स्कॅनरची आपोआप रंग बदलणारी ‘ऑटो’ सोय बंदच ठेव. निगेटिव्ह मिळाली तर सोनंच, ती २४०० डीपीआयच्या पुढे.

आता रंग. अख्ख्या फोटोवर एकच स्लायडर ओढलास की लालसरपणा जातो खरा, पण कैलास लेण्याचा दगड निळा पडतो. आधी आबांच्या पांढऱ्या धोतरावर न्यूट्रल पिकर (ज्या जागी टेकवू ती बिनरंगी धरून बाकी रंग जुळवणारं साधन) टेकव, तेही सावलीतल्या घडीवर. उन्हातलं धोतर फोटोत जळालेलं, म्हणजे नुसतं पांढरंफटक असतं. मग मास्क करून, म्हणजे बाकीचा फोटो झाकून, फक्त आजीचं लुगडं घे. त्याचा रंग मात्र तिलाच विचार. माझ्या आत्याचं मी झकास जांभळं केलं होतं, ते निघालं डाळिंबी. अजून तिची बोलणी ऐकतोय.