जुन्या हाडांवरून माणसं कुठून आली हे खरंच कळतं का?

कळतं, पण अर्धंच, आणि दोन वेगळे प्रश्न आहेत हे आधी लक्षात घ्या. पूर्वज कोण ते डीएनए सांगतो, पण तो माणूस स्वतः कुठे वाढला ते दाताचं एनॅमल (वरचं कठीण आवरण) सांगतं. एनॅमल लहानपणी बनतं आणि नंतर बदलत नाही, त्यामुळे तेव्हाच्या अन्नपाण्यातला स्ट्रॉन्शियम (खडकांतून येणारं एक मूलद्रव्य) त्यात अडकून राहतो. आपल्या नाशिककडचा काळा बसाल्ट आणि गंगेकडचा गाळ यांतल्या स्ट्रॉन्शियमच्या हलक्या-जड प्रकारांचं (समस्थानिकांचं) एकमेकांशी प्रमाण वेगळं, म्हणून तिकडे वाढलेला माणूस इकडे पुरला असेल तर पकडला जातो. पण नाशिक-पुण्याकडे सगळीकडे बसाल्टच, मग नाशिकचा की पुण्याचा हे यातून सांगणं अवघड!

जोर्वे संस्कृतीची (महाराष्ट्रातली तीनेक हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती) भांडी आपल्या नाशिकच्या उत्खननातही सापडलीत (१९५०-५१, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया), पण सांगाडे बघायचे तर पुणे जिल्ह्यातलं इनामगाव, तिथे घराच्या जमिनीखाली मडक्यात पुरलेली लहान मुलं मिळाली. डीएनएचं मात्र आपल्याकडे वांधेच आहेत, उष्ण हवेत तो टिकत नाही. हरियाणातल्या राखीगढीत, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शहरात, कितीतरी नमुने तपासून २०१९ मध्ये एकाच बाईचा जीनोम (डीएनएचा सगळा आराखडा) छापला गेला, तोही अपुरा, पण त्यात स्टेप प्रदेशातल्या (मध्य आशियाकडच्या गवताळ मैदानांतल्या) पशुपालकांचा अंश नव्हता. त्यावरून आर्य बाहेरून आले की नाही असं व्हॉट्सअॅपवर जे युद्ध चालतं ते सोडा, एका सांगाड्यावरून सगळ्या देशाचा निकाल लागत नसतो. थंडीत डीएनए कसा टिकतो ते उत्तराखंडातल्या रूपकुंड या हिमालयातल्या सांगाड्यांच्या तलावाला बघा, तिथल्या तपासलेल्या ३८ जणांत १४ जण पूर्व भूमध्य भागातल्या वंशाचे निघाले, तेही साधारण १८०० च्या सुमाराचे, आणि ते तिथे का गेले होते हे अजून कोणालाच माहीत नाही.