मिशीवाल्या वटवाघळांच्या अभ्यासात पडणार असशील तर आधी हे वाच

अरे, जुन्या पुस्तकात मायोटिस मिस्टॅसिनस हे मिशीवाल्या वटवाघळाचं शास्त्रीय नाव युरोपपासून हिमालय, चीनपर्यंत सगळीकडे चिकटवलेलं दिसेल, ते डोळे मिटून वहीत उतरवू नकोस. कूल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १८१७ ला जर्मनीतून नाव दिलं, मग आशियात जे जे छोटं, काळपट, तोंडाभोवती केस असलेलं दिसलं ते लोकांनी त्याच डब्यात टाकलं. आता मिस्टॅसिनस म्हणजे मुख्यतः युरोपातलं, आणि नेपाळकडचं वेगळं, मायोटिस निपालेन्सिस.

बरं, युरोपातसुद्धा गंमत आहेच, मायोटिस ब्रँड्टी ही दुसरी जात दिसायला जवळपास तशीच, फरक बघायचा तर वरच्या दाढांचा आकार नाहीतर नराचं लिंग (हसू नको, खरंच तसंच ओळखतात), आणि मायोटिस अल्काथोई तर २००१ मध्ये वेगळी जात ठरली! म्हणून त्याआधीचे नकाशे बघताना जरा जपून.

आपल्या देशातलं बघायचं तर मायोटिस सिलिगोरेन्सिस घे, हॉर्सफील्डने १८५५ ला वर्णन केलेलं, नाव सिलिगुडीवरून. एवढुसं, पुढचा हात (कोपरापासून मनगटापर्यंत) जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. हिमालयाच्या पायथ्यापासून पार व्हिएतनामपर्यंत. सह्याद्रीत शोधत बसू नको, पुण्यावरून वर्णन झालेलं 'पेशवा' आहे पण ते मायोटिस हॉर्सफिल्डी या दुसऱ्या जातीची उपजात, मिशीवाल्यांत नाही.

आणि फोटोवरून जात लिहायची घाई नको, नुसतं 'मायोटिस' हे गटाचं नाव लिहिलंस तरी चालतं. हाताने तर अजिबात धरू नको, रेबीजची भानगड असते.