पहिली लाठी घेताना

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो बघितला. तलवार, ढाल, दांडपट्टा आणि लाठी असा सगळा संच, साडेचार हजारांत, वर घरपोच. "घेऊ का?" म्हणून विचारलंयस. नको घेऊस. लाठी तेवढी घे, आणि तीही त्या संचातली नको. का ते सांगतो, नाहीतर म्हणशील वस्ताद जुन्या वळणाचे, म्हणून अडवतात.

सरावाचं हत्यार स्वस्त असण्यात कमीपणा नाही. कोल्हापुरात आम्ही मर्दानी खेळ शिकलो ते बांबूवरच. फरी, म्हणजे सरावाची छोटी ढाल, नव्हती तेव्हा घरातली परात घेऊन शेजारच्या पोराशी खेळलो. परातीला पोचा आला आणि आईनं मला बदडलं. पण स्वस्तात दोन तऱ्हा असतात बघ. एक हत्यार मोडतं तेव्हा तुझ्या हातात चिरतं, तू टाकून दुसरं आणतेस. दुसरं मोडतं तेव्हा समोरच्याच्या अंगावर जातं.

एका शिवजयंतीला आमच्यातल्या एकानं गडाच्या पायथ्याच्या स्टॉलवरून तलवार आणली होती. चकचकीत, मुठीवर सिंहाचं तोंड. मिरवणुकीत तिसऱ्या का चौथ्या हाताला मूठ त्याच्या मुठीत राहिली आणि पातं सुटलं. हलगी थांबली तेव्हा आम्हाला कळलं. पातं वाजवणाऱ्याच्या पायाशी घासत जाऊन पडलं होतं, एका वितीवर पोरं बसलेली. नंतर मूठ फोडून बघितली. आत पात्याला वेल्डिंग करून जोडलेली पेन्सिलीएवढी सळी, बोटभर लांब, आणि भोवती पुट्टीसारखा लगदा. भिंतीवर टांगायच्या तलवारीला तेवढं पुरतं. फिरवायच्या तलवारीचं पातं मुठीत खोलवर गेलेलं असावं लागतं, आणि ते फोटोत दिसत नाही.

तुला पट्ट्यानं लिंबू कापायचंय, हे मला माहीत आहे. सगळ्यांना तेच हवं असतं. पण पट्ट्याची मूठ कोपराच्या जवळपास चढते, आत आडवा दांडा धरायचा असतो, म्हणजे मनगट मोकळं राहतच नाही. हात खांद्यातून फिरवावा लागतो. दुसऱ्याच्या मापाचा पट्टा घातलास तर आठवड्यात कातडं सोलून निघेल. तो पुढे इकडेच, उद्यमनगरात कुणाकडून तरी तुझ्या हाताच्या मापानं करून घेऊ. तोवर कळकाची, म्हणजे बांबूची, एक लांब कांब घे, बोथट कर आणि तिच्यावर पवित्रे बसव.

आता लाठी. पुण्यात आहेस तर बुरूड आळीत जा. सकाळी जा, गिऱ्हाईक कमी असतं, निवडू देतात. पोकळ बांबू नको, भरीव माग. सिंधुदुर्गातला माणगा जातीचा बांबू मिळाला तर उत्तमच. उभी राहून जमिनीपासून कपाळापर्यंत येईल एवढी लांबी, जाडी साधारण एक इंच, मुठीत धरल्यावर बोटं अंगठ्याला टेकली पाहिजेत. फरशीवर लोळवून बघ. थोडी डुलली तर चालेल, शेगडीवर शेकून सरळ करता येते. उड्या मारत गेली तर ठेवून दे. मग एक टोक जमिनीवर आपट. टणक आवाज आला तर घे. बद्द आला तर आत चीर आहे, कितीही गुळगुळीत असो. बारीक भोकं आणि त्यातून पिठासारखी भुकटी दिसली की भुंगा लागलाय समज. बांबूतलं पिष्ट खायला तो येतो. त्याच्यासाठीच जुनी माणसं बांबू आधी पाण्यात बुडवून ठेवायची.

टोक गाठीच्या किंचित पुढे कापून घे. गाठीपासून दूर कापलं की चार दिवसांत टोक फाटतं. गाठी कानशीनं उतरव, वरून काचकागद, आणि जवसाचं तेल चोळून दोन दिवस सावलीत आडवी ठेव. दोन्ही टोकांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळ. लोखंडी टोपण बसवू नकोस, त्याच्या आवाजानं वरच्या मजल्यावरचे म्हातारे आजोबा तुझं गच्चीवर येणं बंद करतील.

रोज हात फिरवायच्या आधी जुना सुती मोजा लाठीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढ. जिथं धागा अडकेल तिथं कूस सुटलीय. बांबूची कूस तळहातात गेली की सुईनंसुद्धा लवकर निघत नाही. कुणाशी जोडीनं खेळणार असशील तर वेत घे. थोडा महाग पडतो, पण तो बांबूसारखा उभा चिरत नाही, त्याचे धागे सुटत जातात.

प्लास्टिकच्या पाइपचं विचारलंयस. वळणं पाठ करायला हरकत नाही, पण हलका असल्यानं हात खोटा वेग शिकतो, आणि उन्हात पडून राहिला की ठिसूळ होतो.

एक सरकारी गोष्ट. १९५९ च्या शस्त्र कायद्यात घरगुती आणि शेतीच्या वापरातली लाठी-काठी हत्यारात धरलेली नाही. ९ इंचांहून लांब पात्याची धारदार हत्यारं मात्र २०१६ च्या शस्त्र नियमांत हत्यार म्हणून धरलेली आहेत. कुरिअरनं तलवारी मागवणाऱ्यांना पोलिसांनी उचलल्याच्या बातम्या तूही वाचल्या असशील. सणावाराच्या तोंडावर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा आदेश निघतो, तेव्हा रस्त्यानं काठी नेण्यावरही बंदी येते. त्या दिवसांत लाठी खोलीतच राहू दे.

आळीत गेलीस की फोटो पाठवू नकोस. लाठी जमिनीवर तीनदा आपट आणि तो आवाज पाठव. मी दुपारी चारपर्यंत तालमीतच असतो.

तुझा,
वस्ताद