वाचकांचे प्रश्न : लाईट बिल मोबाईलवर बघायचं कसं आणि त्यातलं कळून घ्यायचं कसं

यावेळी टपालात आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या प्रश्नांत लाईट बिलाचेच प्रश्न जास्त होते, म्हणून सगळा कॉलम त्यालाच दिलाय. आधीच एक सांगते, बिल आलं की आपण पहिल्यांदा रक्कम बघतो आणि तिथंच थांबतो. रक्कम शेवटी बघायची. आधी युनिट, मग रिडिंग, मग तारखा, आणि मग रुपये. हे जमलं की निम्म्या शंका घरबसल्या मिटतात.

प्रश्न : ताई, कागदाचं बिल कधी जिन्यात पडलेलं मिळतं कधी मिळतच नाही. मुलगा पुण्याला असतो, तो तिकडून भरतो आणि मला फक्त "आई भरलं" एवढाच मेसेज करतो. मला माझं बिल माझ्या फोनवर बघायचंय. जमंल का या वयात? (एक वाचक, शिवाजी पेठ)

काकू, न जमायला काय झालं. एखादं जुनं बिल शोधून हातात घ्या. त्यावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, आणि बिलिंग युनिट म्हणजे बीयू म्हणून चार आकडी नंबर असतो. हे दोन नंबर वहीत लिहून ठेवा, पुढं आयुष्यभर हेच लागतात. महावितरणच्या वेबसाईटवर गेलं की बिल बघा आणि भरा असा भाग आहे, तिथं घरगुती म्हणजे एलटी ग्राहक निवडायचं, हे दोन नंबर टाकायचे, चित्रातली वेडीवाकडी अक्षरं बघून टाकायची की बिल समोर येतं. नुसतं बिल बघायला नाव नोंदवायची गरज नाही.

पण मी म्हणेन नोंदणी करूनच टाका. महावितरणचं मोबाईल अॅप आहे, ते घेताना बनवणाऱ्याच्या नावात महाराष्ट्र स्टेट इलेक्ट्रिसिटी डिस्ट्रिब्युशन कंपनी लिहिलंय का तेवढं बघा, तसल्याच चित्राची दुसरी अॅप पण असतात. नोंदणी केली की मागच्या महिन्यांची बिलं, कधी किती भरले, पावती, सगळं एका जागी दिसतं. आणि आपला मोबाईल नंबर कनेक्शनला जोडला की बिल तयार झाल्याचा, रिडिंग कधी घेणार त्याचा, लाईट बंद ठेवणार असतील तर त्याचा मेसेज थेट तुमच्याकडं येतो. मुलाचा नंबर जोडलेला असेल तर मेसेज पुण्याला जातो आणि अंधारात तुम्ही बसता, म्हणून नंबर तुमचाच ठेवा. अॅप नकोच वाटत असेल तर महावितरणच्या १९१२ या नंबरला फोन करून पण मोबाईल नंबर नोंदवता येतो.

कागद नकोच असेल तर गो ग्रीन म्हणून योजना आहे. बिल ईमेलवर येतं आणि महिन्याला १० रुपयांच्या हिशोबानं वर्षाचे १२० रुपये कमी होतात. पण ईमेल उघडायची सवय नसेल तर १० रुपयांसाठी कागद बंद करू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमचं बिल दर महिन्याला साधारण सारखंच यायचं, या वेळी एकदम वाढलंय. घरात नवीन काही घेतलं नाही. मीटर फास्ट पळतंय असं शेजारचे म्हणतात. आणि १०० युनिटच्या वर एक युनिट जरी गेलं तरी सगळ्या युनिटला जादा रेट लागतो हे खरं का? (राजारामपुरी)

शेवटचं आधी घेते. खरं नाही. घरगुती वापराचे टप्पे आहेत, १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्याच्या वर. समजा १२० युनिट झाले, तर पहिले १०० पहिल्याच रेटनं आणि फक्त वरचे २० दुसऱ्या रेटनं. पण दुसऱ्या टप्प्याचा रेट पहिल्यापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळं वरचं प्रत्येक युनिट महाग पडतं आणि लोकांना वाटतं सगळ्यालाच जादा लावला.

आता तुमचं बिल. आधी चालू रिडिंग आणि मागील रिडिंग बघा, वजाबाकी करा, घरगुतीला गुणक अवयव, म्हणजे वजाबाकीला ज्यानं गुणायचं तो आकडा, सहसा १ असतो त्यामुळं वजाबाकी म्हणजेच युनिट. मग दोन्ही रिडिंगच्या तारखा बघा, आणि इथंच बरेच जण चुकतात. रिडिंग दर वेळी बरोबर तीस दिवसांनी होतंच असं नाही. एका महिन्यात २७ दिवसांत १०८ युनिट आणि दुसऱ्या महिन्यात ३४ दिवसांत १३६ युनिट, दोन्हीकडं रोजचे चारच होतात, वापर अजिबात वाढलेला नाही. म्हणून युनिटला दिवसांनी भागायचं आणि रोजचा आकडा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावून बघायचा. गेल्या महिन्याशी लावून उपयोग नाही, एप्रिलमधल्या पंख्याची आणि फेब्रुवारीची तुलना कशी होणार.

युनिट वाढलेले नसतील आणि रक्कमच वाढली असेल तर थकबाकीची ओळ बघा. यूपीआय अॅपवर फक्त एकूण आकडा येतो, त्यात मागचं न भरलेलं बिल मिसळलेलं असलं तरी तिथं कळत नाही, त्यासाठी पूर्ण बिलच उघडावं लागतं. बाकी बिलात स्थिर आकार असतो, हा घर बंद असलं तरी लागतो. मग वीज आकार म्हणजे युनिटचे पैसे, वहन आकार म्हणजे वीज तारांतून तुमच्यापर्यंत आणायचे पैसे, तो पण युनिटवरच. इंधन समायोजन आकार हा वीज घ्यायचा खर्च वरखाली झाला की बदलतो, त्यामुळं तेवढेच युनिट असून पण दोन महिन्यांच्या बिलात फरक पडतो. आणि या सगळ्याच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क, ते राज्य सरकारचं.

युनिट खरोखर वाढले असतील तर मग मीटरपाशी जा. मीटरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे का? अपार्टमेंटमध्ये खाली मीटरची रांग असते तिथं अदलाबदल होऊ शकते. बिलावर मीटरचा फोटो असतो, त्यातला आकडा आणि छापलेलं रिडिंग जुळतंय का ते पण बघा. डिस्प्लेवर तारीख, वेळ, व्होल्ट असं काय काय सरकत असतं, आपल्याला केडब्ल्यूएच (kWh, म्हणजेच युनिट) लिहिलेला आकडाच घ्यायचा आणि पॉईंटच्या पुढचं सोडून द्यायचं. मग घरातला मेन स्विच बंद करून मीटरवरचा लाल लाईट बघा. मेन बंद असताना तो लुकलुकत राहिला तर मेनच्या आधी कुठंतरी वीज जातीय, लीकेज असेल नाहीतर दुसऱ्या कुणाची वायर तुमच्या मीटरवर असेल. स्वतः वायरला हात लावू नका, वायरमनला बोलवा. लाईट थांबला तर मेन चालू करून एकेक खोलीचा स्विच बंद करत जा, कुठं जास्त ओढतंय ते कळतं. गिझर दोन हजार वॅटचा असतो, अर्धा तास चालला की एक युनिट. पावसाळ्यात घरातले चौघं अंघोळीला गरम पाणी घ्यायला लागले की महिन्याला तीस युनिट तिथंच वाढतात, नवीन काही न घेता. टाकीवर पाणी चढवायची एक एचपीची मोटर तासाला पाऊण युनिट घेते, आणि टाकी भरून वाहत असली तरी ती चालूच असते.

एवढं करून पण शंका राहिलीच तर मीटर तपासायचा अर्ज करा, त्याची फी असते, पण मीटर सदोष निघालं तर फी परत मिळते आणि बिल दुरुस्त करून मिळतं. नुसतं "मीटर फास्ट आहे" म्हणून बिल भरायचं थांबवू नका.

प्रश्न : पुराच्या भीतीनं आम्ही पाहुण्यांकडं जाऊन राहिलो होतो, घराला कुलूप होतं. तरी बिल आलं, आणि नंतरच्या महिन्यात तर एकदम मोठं आलं. (कसबा बावडा)

पंचगंगेच्या पट्ट्यातल्या लोकांचा हा नेहमीचा प्रश्न. रिडिंग घ्यायला येणाऱ्याला मीटरपर्यंत जाता आलं नाही तर सरासरीनं बिल निघतं. बिलावर चालू रिडिंगच्या जागी आकडा नसतो, लॉक्ड किंवा आरएनए किंवा इनअॅक्सेस असं काहीतरी असतं. असं दिसलं की समजायचं हे अंदाजाचं बिल आहे. पुढं खरं रिडिंग मिळालं की मधल्या सगळ्या महिन्यांचे युनिट एकत्र धरतात आणि सरासरीनं घेतलेले पैसे वजा करतात.

त्या मोठ्या बिलात दोन गोष्टी तपासा. सरासरीची रक्कम वजा झालीय का, आणि टप्पे महिन्यांप्रमाणं वाढवून दिलेत का. दोन महिन्यांचे मिळून २६० युनिट असतील तर पहिला टप्पा १०० चा नाही तर २०० चा धरला पाहिजे, म्हणजे २०० पहिल्या रेटनं आणि ६० दुसऱ्या रेटनं. लॉकडाऊननंतर जून २०२० मध्ये एकत्र बिलं आली तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात हाच गोंधळ झाला होता, लोकांना वाटलं सगळे युनिट वरच्या टप्प्यात घातले. तेव्हापासून मी सांगत आलेय, एकत्र बिल आलं की आधी कागद पेन घ्यायचा.

घर बंद ठेवून जाणार असाल तर रिडिंगचा मेसेज आल्यावर अॅपवरून मीटरचा फोटो आणि रिडिंग स्वतः पाठवता येतं, त्याला चार दिवसांची मुदत असते. जायच्या आधी मेन बंद करून मीटरचा फोटो काढून ठेवा, फोटोवर तारीख येऊ द्या. आणि बिलापेक्षा महत्त्वाचं, २०१९ आणि २०२१ च्या पुरात किती घरांत मीटर पाण्याखाली गेले हे आपण बघितलंय. पाणी ओसरलं म्हणून लगेच मेन चालू करायचा नाही. भिंती ओल्या असतात, बोर्डात गाळ असतो. वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय हात लावू नका, एक दिवस अंधारात काढलेला परवडला.

प्रश्न : मे महिन्यात दोन बिलं आली. दुसरं कशाचं? ते नाही भरलं तर चालतं का? (उचगाव)

दुसरं आहे अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं. वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या नियमाप्रमाणं सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट ठेव लागते, पूर्वी एका महिन्याएवढी होती. वर्षातून एकदा तुमचा वापर बघून ती नव्यानं काढतात. समजा महिन्याचं सरासरी बिल ९०० रुपये, तर ठेव १८०० पाहिजे, आणि तुमची आधीची १२०० असेल तर ६०० ची मागणी येते. हे पैसे खर्ची पडत नाहीत, तुमच्या नावावर राहतात, त्यावर व्याज मिळतं ते बिलातून वळतं होतं, आणि कनेक्शन बंद केलं की परत मिळतात. एकदम जमत नसेल तर सहा हप्ते मागता येतात. सोडून मात्र देऊ नका.

प्रश्न : "तुमचं मागचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कट होणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आलाय. भरलेलं असताना असं कसं? (फुलेवाडी)

दादा, त्या नंबरला फोन करू नका. ही फसवणूक आहे, आणि यात शिकल्या सवरलेल्या लोकांचे पण खात्यातले पैसे गेलेत. महावितरणचे मेसेज कुणाच्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाहीत, पाठवणाऱ्याच्या जागी एमएसईडीसीएल असं नाव असतं. थकबाकीसाठी लाईट तोडायची असेल तर वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणं आधी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते, आज मेसेज आणि आज रात्री कट असं होत नाही. ते लोक फोनवर गोड बोलून एखादं अॅप टाकायला लावतात, नाहीतर दहा रुपये भरून बघा म्हणतात, आणि तुमचा फोन त्यांना दिसायला लागतो. चुकून झालंच तर एक मिनिट न घालवता बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० ला फोन करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच सांगा, लाईट जाईल म्हटलं की तीच जास्त घाबरतात.

प्रश्न : यूपीआयनं पैसे कट झाले पण बिल अजून बाकीच दाखवतंय. परत भरू का? (शाहूपुरी)

लगेच परत भरू नका. नोंद व्हायला कधी कधी वेळ लागतो. व्यवहाराचा नंबर जपून ठेवा आणि दुसऱ्या अॅपवर न बघता महावितरणच्याच अॅपवर पेमेंटच्या यादीत बघा. तिथं पावती दिसली की विषय संपला. पैसे अडकले असतील तर ते सहसा खात्यात परत येतात. दोनदा भरले गेले तरी जादा रक्कम पुढच्या बिलात जमा दिसते. मात्र शेवटच्या तारखेच्या रात्री भरायची सवय सोडा, मुदत टळली की सव्वा टक्का विलंब आकार लागतो. उलट बिलावरच्या पहिल्या तारखेच्या आत भरलं तर एक टक्का सूट असते, आणि ऑनलाईन भरल्याची पाव टक्का वेगळी.

प्रश्न : आम्ही भाड्यानं राहतो. मालक सांगतील तेवढे लाईटचे पैसे देतो, बिल दाखवत नाहीत. (राजारामपुरी)

तुमच्या खोलीला स्वतंत्र मीटर असेल तर मालकांकडून ग्राहक क्रमांक आणि बीयू मागून घ्या, बिल तुम्हाला थेट बघता येतं आणि भरता पण येतं. सबमीटर, म्हणजे मालकांच्या मुख्य मीटरच्या पुढं तुमच्या खोलीसाठी बसवलेलं मीटर असेल तर दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मालकांच्या समोर रिडिंगचा फोटो काढा आणि मुख्य मीटरच्या बिलाला एकूण युनिटनी भागून एका युनिटचा दर काढा. बऱ्याच ठिकाणी मनाला येईल तो गोल आकडा लावतात, तो भाडेकरूवर अन्यायच आहे. भांडू नका, पण हिशोब मागा, आणि नवीन खोली घेताना हे करारातच लिहून घ्या.

प्रश्न : चुकीच्या बिलाची तक्रार केली, पण "बघतो" म्हणतात आणि काहीच होत नाही. (साने गुरुजी वसाहत)

तोंडी तक्रार टिकत नाही. अॅपवर, वेबसाईटवर किंवा १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. ऑफिसात अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. सोबत मीटरचा फोटो, मागची बिलं, पावत्या जोडा. त्यानंतर पण दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, कोल्हापूर परिमंडळाचा मंच इथंच आहे, मुंबईला जावं लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. त्याच्या वर विद्युत लोकपाल. कधी कधी जुनी थकबाकी अचानक उगवते, तेव्हा हे माहीत असू द्या की कलम ५६ प्रमाणं दोन वर्षांपूर्वीची रक्कम, ती बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवत आलेले नसतील तर, वसूल करता येत नाही. म्हणूनच बिलं फोनमध्ये महिन्याप्रमाणं साठवून ठेवा, मंचासमोर पहिल्यांदा तीच मागतात.