ॲम्ब्युलन्समध्ये औषधं आणि सामान कसं लावावं म्हणजे ऐन वेळी पटकन हाताला लागेल?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या संस्थेकडे नवीन ॲम्ब्युलन्स आलीय, सामान भरपूर आहे, कपाटंही आहेत, पण पेशंट आत असताना नेमकी हवी ती वस्तू सापडत नाही. मी बरीच वर्षं ॲम्ब्युलन्सवर काम करतोय. माझं ऐका, सामान लावायला यादी घेऊन बसू नका, आधी पेशंटजवळच्या सीटवर बसा, बेल्ट लावा आणि हात कुठपर्यंत पोचतो ते बघा. त्या टप्प्यात काय ठेवायचं हे ठरलं की अर्धं काम झालं, कारण चालत्या गाडीत उठून कपाट उघडायला गेलात आणि ब्रेक लागला तर तुम्ही थेट पुढे फेकले जाता.

हाताशी सगळ्यात आधी श्वासाचं सामान. सक्शन (तोंडातली लाळ, उलटी, रक्त ओढून काढायचं यंत्र) ट्यूब जोडून तयार, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा) मोठ्यांची, लहान मुलांची आणि बाळाची वेगवेगळी, ऑक्सिजन मास्क, एअरवेचे (श्वासाची वाट मोकळी ठेवायला तोंडात घालायची नळी) सगळे साइझ. मग ग्लोव्ह्ज, रक्त थांबवायचे जाड ड्रेसिंग आणि सुया टाकायचा डबा. हा डबा लोक कोपऱ्यात लांब ठेवतात आणि मग वापरलेली सुई हातात धरून बसतात, हे फार धोक्याचं आहे. प्रसूतीचं किट, भाजल्याचं सामान, जादा चादरी, स्प्लिंट (मोडलेल्या हाडाला बांधायची पट्टी) हे लांबच्या कपाटात गेलं तरी चालतं.

दुसरं म्हणजे सामान प्रकारानुसार लावू नका, कामानुसार लावा. सगळ्या सिरिंज एका खणात, सगळे टेप दुसऱ्यात, कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) तिसऱ्यात असं छान दिसतं पण एक सलाईन लावायला चार खण उघडावे लागतात. त्यापेक्षा एका पारदर्शक पाउचमध्ये कॅन्युला, दंडाला बांधायचा पट्टा, स्पिरिट स्वॅब, टेप, फ्लश (नळी साफ करायला सलाईन भरलेली सिरिंज) सगळं एकत्र ठेवा, आणि असे दोन-तीन पाउच तयार ठेवा. घरात किंवा रस्त्यावर पेशंटकडे जाताना बॅगच न्यायची असते, तर तीही अशीच पाउच-पाउचने भरा.

आता औषधं, इथे मात्र जरा वेळ द्या. नावांच्या क्रमाने लावलीत तर ॲड्रेनलिन, अमिओडॅरोन, ॲट्रोपिन शेजारी शेजारी येतात आणि अँप्यूल (औषधाची काचेची छोटी कुपी) तर बऱ्याचदा एकसारखेच दिसतात, अंधारात हलत्या गाडीत घोळ व्हायला एवढं पुरतं. सारखे दिसणारे मुद्दाम लांब ठेवा, मोठं लेबल लावा, आणि अँप्यूल फोडताना नाव मोठ्याने वाचायची सवय सगळ्यांना लावा. ॲड्रेनलिनचं तर मी नेहमी सांगतो, हृदय बंद पडल्यावर ते १ मिग्रॅ शिरेतून देतात, पण जोरदार ॲलर्जीत मोठ्या माणसाला ०.५ मिग्रॅ मांडीच्या स्नायूत, म्हणून ॲलर्जीचा वेगळा पाउच करा, त्यात अँप्यूल, १ मिलीची सिरिंज, सुई आणि डोस लिहिलेलं कार्ड. डोस तुमच्या डॉक्टरांच्या प्रोटोकॉलप्रमाणेच लिहा. पोटॅशियम क्लोराइड (चुकून झटकन शिरेत गेलं तर जीवघेणं) गाडीत लागतच नसेल तर ठेवूच नका, सलाईनजवळ तर अजिबात नाही. मॉर्फिनसारखी औषधं कुलपात, रजिस्टरमध्ये दोन सह्या, उरलेलं टाकून दिलं तरी त्याची नोंद.

उन्हाचं कुणी बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. बंद गाडी उन्हात उभी असली की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा खूप वर जातं आणि बहुतेक औषधांवर २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं, ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही उष्णतेने चुकीचं रीडिंग देऊ शकतात. त्यामुळे औषधांची बॅग गाडी उभी असताना आत थंड खोलीत न्या, जिथे फ्रिजची औषधं असतील तिथे २ ते ८ अंश सांभाळा, आणि खणात एक साधा थर्मामीटर ठेवा. ॲड्रेनलिन तपकिरी किंवा गुलाबी दिसलं तर तारीख बाकी असली तरी फेकायचं.

मोजणीचा कंटाळा येतो म्हणून ती होत नाही, यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे नंबर असलेलं प्लास्टिकचं सील. पाउच भरला, त्यातली सगळ्यात लवकर संपणारी तारीख बाहेर लिहिली, सील लावलं. ड्युटी बदलताना सील शाबूत आणि तारीख पुढची असेल तर आत बघायची गरजच नाही, तुटलं असेल तर ज्याने वापरलं त्यानेच पुढच्या कॉलआधी भरायचं. नवीन माल मागे आणि आधी संपणारा पुढे.

सील नसलेल्या गोष्टी मात्र रोज हातानेच तपासा. सक्शनच्या ट्यूबवर अंगठा दाबून ओढ बघा, लॅरिंगोस्कोपचा (घशात बघून नळी घालायचं साधन) दिवा लावून बघा, डिफिब्रिलेटरची (हृदयाला शॉक द्यायचं यंत्र) बॅटरी आणि पॅडची तारीख बघा. ऑक्सिजनचा काटा तर बघाच, छोट्या सिलिंडरमध्ये ४०० लिटर असला आणि मास्क मिनिटाला १५ लिटरवर चालला तर २५ मिनिटांच्या आसपास तो संपतो, हॉस्पिटल त्याहून लांब असेल तर दुसरा भरलेला सिलिंडर पट्ट्याने घट्ट बांधून ठेवा आणि त्याची चावी सिलिंडरलाच दोरीने अडकवा.