पर्यावरण, गणित, जीवशास्त्र आणि सामग्रीविज्ञान यांतील अलीकडचे संशोधन सामान्य वाचकाने कुठून समजून घ्यावे?

आपला प्रश्न मी असा समजले आहे : टोपीच्या आकाराची फरशी, प्रथिनांची घडी ओळखणारा संगणक, हवेतली वाफ टिपणारी सच्छिद्र स्फटिके, प्लास्टिक पचवणारे जिवाणू अशा बातम्या आपण गेली काही वर्षे वाचत आलात, प्रत्येक वेळी कुतूहल वाटले, पण चार दिवसांनी हाती काहीच उरले नाही. म्हणून या चार क्षेत्रांतले संशोधन समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी, आणि त्यातून आपल्या घरातल्या प्लास्टिकचा प्रश्न सुटणार आहे का, असे आपण विचारले आहे. ‘सामग्रीविज्ञान’ (मटेरियल सायन्स) हा आपण वापरलेला शब्द मीही ठेवते, कारण ‘पदार्थविज्ञान’ म्हटले की आपल्याकडे भौतिकशास्त्रच डोळ्यांसमोर येते.

मी इंदूरला राहते आणि सव्वीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे, की चार क्षेत्रांच्या चार बातम्या वाचण्याऐवजी एकच वस्तू हाती धरावी आणि तिचा माग काढत जावे. वाटेत चारही क्षेत्रे भेटतात. मी पाण्याची रिकामी बाटली निवडते, कारण तिची हकिकत माझ्या शहराच्या अगदी जवळून जाते.

ही बाटली पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेटची, म्हणजे पीईटीची असते. हे बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी तयार केले आणि त्याचा पहिला मोठा उपयोग कापडासाठी झाला. आपल्या वडिलांच्या पिढीने हौसेने शिवून घेतलेल्या टेरिकॉटच्या पँटींमधला ‘टेरि’ तो हाच. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल हे दोन घटक आळीपाळीने गुंफले जाऊन त्याची लांबच लांब साखळी बनते. या गुंफणीतल्या सांध्याला एस्टर बंध म्हणतात, आणि अशा साखळीला पॉलिएस्टर. हा सांधा लक्षात ठेवावा, पुढचे सगळे त्याच्यावरच उभे आहे.

आता अळूचे पान आठवावे. त्यावर पाण्याचा थेंब टिकत नाही, गोळी होऊन घरंगळतो, हे आपल्या भाषेने कधीच टिपून ठेवले आहे. झाडांच्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो आणि त्या मेणाला धरून ठेवणारे जाळे क्यूटिन नावाच्या बहुवारिकाचे असते. या क्यूटिनमधले सांधेही एस्टर बंधांचेच आहेत. म्हणजे माणसाने पॉलिएस्टर बनवण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून झाडे एका प्रकारचे पॉलिएस्टर बनवत आली आहेत, आणि गळलेल्या पानांवर जगणाऱ्या बुरशींनी व जिवाणूंनी ते तोडणारी विकरेही, म्हणजे एन्झाइमही, तेव्हापासूनच बाळगलेली आहेत. त्या विकरांना क्यूटिनेज म्हणतात.

जपानमधील ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये पालापाचोळ्याच्या खतातून थेट डीएनए वेगळा काढला, त्यातली जनुके प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या जिवाणूत घातली आणि त्यांतून एक असे क्यूटिनेज शोधले, जे पीईटीचे सांधेही तोडते. ते मुळात कोणत्या सूक्ष्मजीवाचे हे ठाऊक नव्हते, आणि त्या सूक्ष्मजीवाला वाढवावेही लागले नाही. खताच्या ढिगातून केवळ त्याचे जनुक उचलले गेले. वर्तमानपत्रांत गाजला तो दुसरा शोध, २०१६ मधला, जपानमधल्याच साकाई शहरातल्या बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राच्या परिसरात सापडलेल्या जिवाणूचा. त्याने पीईटीचा पातळ पापुद्रा ३० अंश सेल्सिअसला सुमारे सहा आठवड्यांत जवळजवळ पूर्ण पचवला. शोध निःसंशय सुंदर होता, तरी मला खतातले विकर अधिक महत्त्वाचे वाटते, आणि त्याचे कारण उष्णतेत आहे.

खताचा ढीग तापतो, ही गोष्ट इंदूरमध्ये शास्त्रीय पद्धतीने मोजून नोंदली गेली आहे. १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये काम करत होते. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक दिवसांनी ढीग वरखाली करून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची जी पद्धत त्यांनी बसवली, ती जगभर आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. १९३१ मध्ये ती पुस्तकरूपाने आली तेव्हा सहलेखक होते यशवंत वाड. हॉवर्डांचे नाव सगळीकडे घेतले जाते आणि वाडांचे क्वचितच. इंदूरच्या मराठी माणसांनी तरी ते विसरू नये असे मला मनापासून वाटते. त्या पद्धतीत ढिगाचे तापमान सुरुवातीला ६५ अंशांच्या आसपास चढते आणि हळूहळू ३० पर्यंत उतरते. आमच्या वसाहतीच्या बागेत आम्ही पालापाचोळ्याचा छातीइतका उंच ढीग करतो. जानेवारीतल्या एका सकाळी तो उकरला तेव्हा आतून वाफ निघत होती, हात कोपरापर्यंत घालवत नव्हता आणि प्रयोगशाळेतला तापमापक ६१ वर थांबला होता. अशा भट्टीत जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची विकरे उष्णतेला दाद न देणारी असणार, हे ओघानेच आले.

पण उष्णतेला टिकणारे विकर हवे कशाला? याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळते. पाण्याच्या साध्या बाटलीत नुकतेच उकळलेले पाणी ओतले की बाटली आक्रसून वेडीवाकडी होते. साधारण ७० अंशांच्या आसपास पीईटीच्या साखळ्यांची जखड सुटते. बाटली फुगवताना ताणून बसवलेल्या साखळ्या सैल होतात आणि मूळच्या गुंडाळलेल्या स्थितीकडे परततात. या तापमानाला सामग्रीविज्ञानात काचसंक्रमण तापमान म्हणतात. विकराला सांधा तोडायचा असेल तर साखळी त्याच्या खाचेत यायला हवी, आणि जखडलेली साखळी येत नाही. म्हणून ३० अंशांवर काम करणाऱ्या विकरापुढे टणक बाटली जवळजवळ दगडासारखी असते, तर ७० अंशांवर टिकणाऱ्या विकराला तिच्यात शिरकाव मिळतो. अडचण एवढीच, की विकर हेही प्रथिनच आहे आणि उष्णतेने प्रथिनांची घडी मोडते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तो यामुळेच. खतातले विकरही अशा उष्णतेत तास न् तास टिकत नव्हते.

इथे गणित येते, आणि माझ्या मते इथेच थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक बातम्या हा भाग गाळतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, जी घडी पडून ठरावीक आकार घेते. प्रत्येक जागी वीसपैकी कोणतेही एक अमिनो आम्ल बसू शकते, म्हणून अवघ्या शंभर मण्यांच्या माळा १ वर १३० शून्ये इतक्या प्रकारे ओवता येतात. एकेक माळ करून पाहणे अशक्य आहे. घडी कशी पडते हे कळल्याशिवाय कोणता मणी बदलावा हे सांगता येत नाही. या प्रश्नातला पहिला मोठा गाळणीचा टप्पा मद्रास विद्यापीठात पार पडला. जी. एन. रामचंद्रन यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह १९६३ मध्ये दाखवले, की माळेतल्या प्रत्येक मण्याशी असलेले दोन वळणकोन घेतले आणि कोणतेही दोन अणू एकमेकांत घुसू शकत नाहीत एवढीच अट घातली, तर बहुतेक कोन बादच होतात. त्यांनी काढलेला आलेख भूमितीचाच म्हणावा लागेल, आणि प्रथिनाची नवी रचना आली की ती त्या आलेखावर पडताळून पाहण्याची रीत आजही चालू आहे.

प्रत्यक्ष रचना पाहायची तर प्रथिनाचे स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडतात. मिळतात ते ठिपके, चित्र मिळत नाही. ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढण्यासाठी फूरिए यांचे गणित लागते, जे त्यांनी १८२२ मध्ये उष्णता कशी वाहते हे समजण्यासाठी मांडले होते. ठिपक्यांत निम्मी माहिती हरवलेली असते. ती परत मिळवण्याच्या रीतीबद्दल १९८५ चे रसायनशास्त्राचे नोबेल हर्बर्ट हॉप्टमन यांना जेरोम कार्ल यांच्याबरोबर मिळाले, आणि हॉप्टमन हे गणिती होते. आमच्याकडे राजा रामण्णा केंद्रात, ज्याला इंदूरकर अजूनही ‘कॅट’ म्हणतात, १७२ मीटर परिघाच्या इंडस-२ या वलयात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवले जातात. वळणावर त्यांच्यातून तीव्र क्ष-किरण बाहेर पडतात आणि त्यांतली एक शलाका प्रथिनांच्या स्फटिकांसाठीच राखलेली आहे. जगभर अशा प्रयोगांतून जमलेल्या रचनांच्या १९७१ पासूनच्या सार्वजनिक संग्रहावरच ‘अल्फाफोल्ड’ हा संगणकी कार्यक्रम शिकला. त्याबद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना, आणि नवी प्रथिने रचण्याबद्दल डेव्हिड बेकर यांना २०२४ चे नोबेल मिळाले. संगणकाने हे एकट्याने केले असे म्हणणे त्या पन्नास वर्षांच्या मेहनतीवर अन्याय करणारे आहे.

आता विकराकडे परत येऊ. २०२० मध्ये फ्रान्समधील तूलूझचे संशोधक आणि कार्बिओस ही कंपनी यांनी खतातल्या त्या विकरात चार जागी मणी बदलले. त्यांतल्या दोन बदलांनी माळेच्या दोन भागांत गंधकाच्या अणूंचा एक टाका घातला, त्यामुळे घडी उष्णतेत उसवेनाशी झाली. या विकराने ७२ अंशांना दहा तासांत किमान ९० टक्के पीईटी मूळ घटकांत मोडले, आणि त्या घटकांपासून पुन्हा बाटली तयार झाली. दोन वर्षांनी अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील गटाने साकाईच्या जिवाणूचे विकर घेतले, कोणते मणी बदलावेत हे यंत्रशिक्षणाने (मशीन लर्निंगने) सुचवून घेतले आणि ५० अंशांवर काम करणारे विकर मिळवले. बाजारातल्या ५१ वेगवेगळ्या वेष्टनांचे तुकडे त्याने आठवडाभरात जवळजवळ पूर्ण मोडले.

एवढे वाचून मीही हुरळून गेले होते. मी बाटलीच्या कडेचा एक तुकडा जाळीत बांधून बागेतल्या ढिगाच्या मध्यभागी ठेवला. तीन महिन्यांनी खत चाळताना तो हाती आला : किंचित वाकलेला, थोडा धुरकट, बाकी जसाच्या तसा. कारण असे, की बाटलीच्या भिंतीतल्या साखळ्यांचा बराच भाग स्फटिकासारखा ओळीने घट्ट रचलेला असतो, आणि तिथे विकराला जागा मिळत नाही. कारखान्यात म्हणूनच बाटल्या आधी वितळवून झटकन थंड करतात, म्हणजे साखळ्यांना ओळी धरायला वेळ मिळत नाही, आणि मग त्यांचे पीठ करतात. या सगळ्याला ऊर्जा लागते. शिवाय सांधे तुटताना आम्ल तयार होते, ते दाहक सोड्याने शमवावे लागते आणि शेवटी सोडियम सल्फेटचे ढीग उरतात. पर्यावरणशास्त्राचे काम इथे सुरू होते : सगळा जमाखर्च मांडल्यावर नव्या पीईटीपेक्षा हा मार्ग खरोखर किती बरा ठरतो, हे तपासण्याचे. ‘प्लास्टिक खाणारा जिवाणू’ या मथळ्याने लोकांना वाटते की तो समुद्रात किंवा कचऱ्याच्या डोंगरावर सोडला की झाले; प्रत्यक्षात हे काम पोलादी टाकीत, नेमक्या तापमानाला, निवडून स्वच्छ केलेल्या मालावरच होते.

आपण उल्लेखिलेल्या बाकीच्या दोन बातम्यांबद्दल थोडक्यात सांगते. सच्छिद्र स्फटिके म्हणजे धातूचे अणू आणि सेंद्रिय दुवे यांचे सांगाडे. त्यांबद्दल २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळाले, आणि ती समजून घेताना वरच्याप्रमाणेच रेणूला जागा कुठे आहे हाच प्रश्न धरावा. टोपीची फरशी डेव्हिड स्मिथ या निवृत्त मुद्रण तंत्रज्ञाला २०२२ मध्ये कागद कापता कापता सापडली आणि २०२३ मध्ये तीन सहकाऱ्यांसह तिची सिद्धता आली. नक्षीची पुनरावृत्ती कधीच होऊ न देता ती एकटी सगळे प्रतल व्यापते. तिचा उपयोग विचारू नये. एका तेराबाजू आकृतीने असे करावे हेच पुरेसे आहे.

राहिला आपल्या घरातल्या प्लास्टिकचा प्रश्न. बाटलीच्या तळाला त्रिकोणात १ हा आकडा असेल तर ती पीईटी. वरील सगळे तिलाच लागू आहे. दुधाची पिशवी पॉलिएथिलीनची असते, तिचा कणा निव्वळ कार्बनला कार्बन जोडून झालेला असतो, त्यात एस्टर सांधा नाही, म्हणून ही विकरे तिला हातही लावू शकत नाहीत. इंदूरमध्ये ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो, जिथे दिवसाला ५५० टनांपर्यंत कचऱ्यापासून वायू करण्याची सोय फेब्रुवारी २०२२ पासून आहे. तो चालतो कारण घराघरांतून कचरा वेगळा येतो. बाटलीचेही तसेच आहे. माझ्या घरी सुक्या कचऱ्याच्या डब्याशेजारी आकडा १ च्या बाटल्यांची पिशवी वेगळी टांगलेली असते, झाकणे काढून, कारण झाकण दुसऱ्याच प्लास्टिकचे असते.