बदलापूरचा टू बीएचके की भांडुपचा वन बीएचके, ऑफिस बीकेसीला

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरहून मुंबईत बदलून येताय, ऑफिस बीकेसीत म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये, बायको आणि 3 वर्षांची मुलगी सोबत, बदलापूरला 11 हजारात टू बीएचके मिळतोय आणि भांडुपला 23 हजारात वन बीएचके. मी 4 वर्षं बदलापूर ते बीकेसी केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी किलोमीटर सोडून द्या, घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत किती वेळ ते धरा. बदलापूरला रिक्षाने स्टेशन, मग गाडीची वाट, कुर्ल्यापर्यंत सव्वा तास, उतरलं की वेस्टला बसच्या नाहीतर शेअर रिक्षाच्या लाइनीत, असे 2 तास जातातच. भांडुपला बहुतेक स्लो लोकलच थांबतात पण कुर्ला 20 मिनिटांवर, सगळं मिळून तासाभरात होतं. म्हणजे जाऊन येऊन रोज 2 तास जास्त, 24 दिवसांचे 48 तास, आणि वाचणार 12 हजार, तासाला 250 रुपये पडले. डोक्यावर कर्ज असेल तर ते 250 सोडू नका, मी पण त्याच कारणाने बदलापूर घेतलं होतं.

पण माझा मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा, मी निघताना झोपलेला आणि यायचो तेव्हाही झोपलेला. एका रविवारी तो माझ्या शेजारी खेळत होता, त्याला तहान लागली, माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता तरी तो उठून किचनमध्ये आईकडे पाणी मागायला गेला. त्या आठवड्यात मी भांडुपला घर शोधायला लागलो. घर लहान झालं, कपाट दाराला लागतं, पण साडेसातला घरी असतो.

तरी बदलापूरच घेणार असाल तर तिथूनच सुटणारी लोकल धरा, कर्जत-खोपोलीहून येणारी आधीच भरलेली असते आणि तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळाली तरी कुर्ल्यापर्यंत अर्धं अंग बाहेरच. कल्याणच्या पुढे दोनच ट्रॅक आहेत, एक गाडी बंद पडली की मागच्या सगळ्या उभ्या. उल्हास नदीच्या बाजूचं घर असेल तर 2005 ला आणि 2019 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते ब्रोकरला नाही, खालच्या किराणावाल्याला विचारा.

घर विकत घ्यायचा विचार आत्ता अजिबात नको, पहिले 11 महिने भाड्यानेच राहा, ऍग्रीमेंट रजिस्टर करून घ्या आणि लॉक-इन, म्हणजे मधेच घर सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा आहे ते वाचूनच सही करा. आणि टोकन द्यायच्या आधी एक दिवस मुक्काम करून मंगळवार-बुधवारी सकाळी आठला स्टेशनवर या, बीकेसीपर्यंत जा, संध्याकाळी साडेसहाला कुर्ल्याहून परत चढून बघा. वहिनींनाही सोबत घ्या, पुढेमागे त्या नोकरी करणार असतील तर लेडीज डब्यातली गर्दी त्यांनी स्वतः बघितलेली बरी.